गावाचं दुकान, गावाचा पैसा

महाराष्ट्रातल्या खेड्यांतून फिरताना एक गाळा हमखास नजरेस पडतो. ग्रामपंचायतीच्या शेजारी नाहीतर सोसायटीच्या गोदामाच्या पुढच्या अंगाला. वर 'विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्था मर्यादित' अशी पाटी, खाली नोंदणी क्रमांक आणि शटरला गंज. आत एके काळी किराणा होता. साखर, रॉकेल, कापड, वह्या-पुस्तकं, सगळं मिळायचं. समोरच्या खासगी दुकानात मात्र आजही सकाळ-संध्याकाळ माणसं उभी असतात. मग बोललं जातं की दुकानदारी हे एकट्या मालकाचं काम, दहा जणांच्या पंचकमिटीला ते झेपायचं नाही.

मला हे पटत नाही. बंद पडलेल्या अशा दुकानाचा शेवटचा ताळेबंद उघडून पाहावा. बहुधा दोन आकडे डोळ्यांत भरतात: येणे बाकी आणि मालसाठा. गावाने शेअर भरून जमवलेला पैसा एक तर लोकांच्या घरी उधारीत असतो, नाहीतर फळीवर न खपणाऱ्या मालात. दुकान बंद पडतं त्या दिवशीही कागदावर त्याच्याकडे मालमत्ता असते. नसतो तो उद्याचा माल आणायला रोख पैसा.

हिशेब मांडून पाहू. साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव आहे आणि दुकानात ३ लाख रुपये घातलेत असं धरा. हा पैसा महिन्यातून एकदा पूर्ण फिरला, तर विक्री ३ लाखांची. सगळ्या मालावर मिळून सरासरी ८ टक्के सुटले, तर हाती २४,००० रुपये. सेल्समनचा पगार १०,०००, वीज १,२००, टेम्पो आणि हमाली २,५००, किरकोळ १,३०० आणि विक्रीच्या अर्धा टक्का तूट, म्हणजे सांडलेला, घटलेला, मापात जास्त गेलेला माल, म्हणून १,५००. खर्च १६,५००, उरले साडेसात हजार. आता हाच पैसा दोन महिन्यांनी फिरतोय असं समजा. विक्री दीड लाख, सुटले १२,०००. तूट निम्मी झाली तरी पगार, वीज, टेम्पो तेवढेच, म्हणजे खर्च १५,७५०. महिन्याला पावणेचार हजारांचा खड्डा. भाव तेच, माणसं तीच, नफ्याचं प्रमाणही तेच. फरक फक्त रुपया किती दिवसांनी घरी आला एवढाच. दुकानात नवं काही करायचं म्हटलं की कमिटीने पहिला प्रश्न हाच विचारावा: याने आपला रुपया लवकर परत येईल की उशिरा?

ही गोष्ट सहकाराच्या जन्माइतकी जुनी आहे. २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि इतर कामगारांनी मिळून आपलं दुकान उघडलं. सभासद २८, माल लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या एवढाच. त्यांच्या आधीही अशी दुकानं निघाली होती आणि उधारीत बुडाली होती. म्हणून रॉचडेलकरांनी दोन नियम घट्ट धरले. माल रोखीनेच द्यायचा, आणि वर्षाअखेर नफा वाटायचा तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. आपल्याकडे १९०४च्या कायद्याने सहकारी संस्था आल्या त्या कर्जपुरवठ्यासाठी. गावची सोसायटी म्हणजे पीककर्ज, हा संस्कार तिथून पडला. ग्राहक भांडारांना जोर आला तो दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगच्या काळात आणि पुन्हा १९६२च्या चीन युद्धानंतर, केंद्र सरकारने भांडारांची योजना काढली तेव्हा. दोन्ही वेळा खरी ताकद होती नियंत्रित मालाची. साखर दुसरीकडे मिळत नव्हती, म्हणून माणसं रांगेत उभी होती. नियंत्रण उठलं आणि रांगही गेली. ज्या भांडारांनी तोवर गिऱ्हाईक जोडलंच नव्हतं, त्यांच्याकडे पाटी उरली.

रास्त भाव दुकान चालवणाऱ्या सोसायट्या आणि बचत गट आज त्याच जागी उभे आहेत. १ जानेवारी २०२३पासून अन्नसुरक्षेचं धान्य मोफत झालं: अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. दुकानाला मिळतं ते क्विंटलमागचं कमिशन. गावातल्या बहुतेक घरांत गहू-तांदूळ असा फुकट येत असताना शेजारच्या फळीवर साधा तांदूळ आणि गहू पोत्यांनी भरून ठेवणं म्हणजे भांडवल गाडून ठेवणं. रेशनचा खरा उपयोग निराळा. धान्यवाटपाच्या चार-पाच दिवसांत अख्खा गाव दुकानाच्या पायरीवर येतो. त्या दिवसांत तेल, डाळ, साखर, चहा, मीठ आणि अंगाचा-कपड्याचा साबण हाताशी, भावाच्या पाटीसकट मांडलेला हवा. रेशनसोबत दुसरं काही घ्यायची सक्ती मात्र करायची नाही. तो नियमभंग आहे आणि गावाच्या मनातून उतरायची ती सर्वांत जवळची वाट आहे.

आता उधारी. 'उधार बंद'ची पाटी लावून खेड्यात दुकान चालत नाही, हे खासगी दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. शेतमजुराच्या घरी पैसा येतो आठवड्याने, दूधवाल्याकडे दहा दिवसांनी, उसाचा हप्ता गाळपानंतर, सोयाबीन-कापसाचा वर्षातून एकदा. रोजची चूल मात्र रोज पेटते. त्यामुळे उधारी राहणारच, फक्त ती पैसा येण्याच्या वेळेला बांधून घ्यायला हवी. सर्वांत सोपा धागा दुधाचा. दूध संस्था पेंड उधार देते आणि दहा दिवसांच्या बिलातून कापून घेते, ही रीत गावाला अंगवळणी पडलेली आहे. किराण्यालाही तीच लावता येते. सभासदाकडून कपातीचं लेखी संमतिपत्र घ्यायचं. मागच्या तीन बिलांची सरासरी काढायची आणि तिच्या निम्म्यापर्यंतच पत द्यायची. बिल सरासरी १,८०० रुपये असेल, तर दहा दिवसांत ९०० रुपयांपर्यंत माल. गाय आटली की पत आपोआप खाली येते, कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. ज्यांच्या दारात जनावर नाही अशा मजूर घरांसाठी पाचशेची छोटी पत, बचत गटाच्या शिफारशीने, आणि आधीची बाकी भरल्याशिवाय पुढची नोंद नाही.

कोल्हापूरकडच्या वारणा खोऱ्यात साखर कारखाना आणि दूध संघाच्या जोडीला वारणा बाजार हे सहकारी ग्राहक भांडार उभं राहिलं, यात मला हाच अर्थ दिसतो. ज्या खोऱ्यात ऊस आणि दुधाचा पैसा ठरलेल्या वेळी घरोघर पोचतो, तिथे दुकानाला पाया मिळतो. प्रत्येक गावाला कारखाना मिळणार नाही. पण आपल्या गावात पैसा कुठल्या वाटेने आणि कुठल्या तारखेला येतो, हे कागदावर मांडायला काही लागत नाही.

उधारीचं एक दुखणं याहून अवघड आहे. थकबाकीच्या यादीत वरची नावं गरिबांची क्वचितच असतात. ज्यांच्याकडे मागायला सेल्समनची जीभ रेटत नाही, त्यांची असतात: संचालक, माजी पदाधिकारी, त्यांचे भाऊबंद. लग्नकार्याला चार पोती साखर आणि पाच डबे तेल जातं आणि ते 'पुढच्या सीझनला' होतं. यावर उपाय एकच चालतो. पोटनियमांत किंवा सभेच्या ठरावात लिहून ठेवायचं की संचालकाला उधार नाही, आणि दर महिन्याच्या १ तारखेला थकबाकीची यादी सभेपुढे वाचायची. वाचायची म्हणजे मोठ्याने.

तूट कुठून येते, हे साखरेच्या एका पोत्यावर समजतं. ५० किलोचं पोतं आलं. किलोला दीड रुपया सुटतो, म्हणजे पोत्यामागे ७५ रुपये. गावात विक्री अर्ध्या किलोने, म्हणून १०० पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीत हात जरा सैल पडून ५ ग्रॅम जास्त गेली, तर अर्धा किलो साखर गेली, बावीस-तेवीस रुपये. पुडीचा कागद आणि दोरा ३० पैशांचा धरला, तरी ३० रुपये. उरले बावीस-तेवीस. गोणपाटाच्या शिवणीत अडकलेली आणि उतरवताना सांडलेली साखर वेगळीच. गुळाची ढेप उन्हाळ्यात वाळून वजनात घटते आणि पावसाळ्यात पाझरते. मिरची वाळते, लसूण पोकळ होतो. ही घट खरी आहे, ती सेल्समनच्या पगारातून कापली की तो मापात कापतो. म्हणून सुट्या मालासाठी घटीचं प्रमाण मालागणिक आधीच ठरवून करारात लिहावं. पुडीत आधी साखर आणि मग काटा पाहायची सवय मोडून, पुडी काट्यावर ठेवून शेवटचे दाणे चमच्याने टाकायची सवय लावावी. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन विभागाकडून दरवर्षी करून घ्यावी लागते. तो शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल अशा बाजूला असू द्यावा.

साठा मोजायची एक जुनी सहकारी पद्धत आहे आणि ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे. सगळा माल विक्रीच्या किमतीने धरायचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला साठा २,४०,००० चा होता. महिन्यात १,८०,००० चा माल आला, तोही विक्रीच्या किमतीने. विक्री रोख, यूपीआय आणि उधार मिळून १,९५,००० झाली. म्हणजे फळीवर २,२५,००० चा माल हवा. मोजला तर २,२१,३०० चा भरला. तूट ३,७००, विक्रीच्या जवळजवळ १.९ टक्के. वर हिशेबात आपण तूट अर्धा टक्का धरली होती. महिन्याला ८ टक्के सुटणाऱ्या दुकानात जवळपास पावणेदोन-दोन टक्के असे गेले, तर सुटलेल्या पैशाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. हा आकडा महिन्याने कळला तर कारण सापडतं: कुठलं बिल दोनदा जमा झालं, कुठल्या तेलाचा भाव उतरला पण नोंद झाली नाही, कुठली बरणी गळाली. वर्षाने लेखापरीक्षकाने काढला, तर तो दोष दुरुस्ती अहवालात एक ओळ होऊन बसतो आणि गावात संशयाचा विषय होतो. मोजणी शेवटच्या दिवशी रात्री, दुकान बंद करून. एक जण मोजतो, दुसरा लिहितो, आणि त्यांतला एक तरी संचालक मंडळाबाहेरचा सभासद हवा. भाव वर-खाली झाला की त्याच दिवशी त्या मालाचा शिल्लक नग लिहून फरक टिपायचा. हे टाळलं, तर नसलेली तूट दिसते किंवा असलेली झाकली जाते.

यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या खात्याचा हवा. सेल्समनच्या मोबाइल नंबरचा क्यूआर काउंटरवर चिकटलेला असेल, तर तो आजच काढावा. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. महिन्याअखेर त्याचे आणि दुकानाचे पैसे वेगळे करता येत नाहीत आणि प्रामाणिक माणूसही अडकतो.

दुकानाची वेळ हा विषय लोक किरकोळ समजतात. सोसायटीचं दुकान अकरा ते पाच उघडं राहतं, कारण ऑफिस अकरा ते पाच असतं. त्या वेळात गाव शिवारात असतं. बायका भांगलणीहून साडेपाच-सहाला परततात, चहाची साखर आणि रात्रीचं तेल तेव्हा लागतं. मुलांच्या शाळेआधी पेन्सिल आणि बिस्किटाचा पुडा लागतो. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, असे दोन पाळ्यांचे साडेसात तास पुरतात. पूर्ण वेळेचा एक माणूस ठेवण्याऐवजी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोघींना अर्धवेळ ठेवता येतं. पगाराचा काही भाग ठरलेला आणि काही वसूल झालेल्या विक्रीवर. झालेल्या विक्रीवर दिला, तर उधारी फुगते. इंग्लंडच्या खेड्यांत खासगी दुकान बंद पडलं की गावकरी शेअर घालून तेच पुन्हा चालवतात आणि काउंटरवर बिनपगारी स्वयंसेवक पाळीपाळीने बसतात. निवृत्त माणसांच्या गावात ते जमतं. आपल्याकडे हातावर पोट असलेल्या बाईकडून फुकट वेळ मागणं योग्य नाही, तिला कामाचे पैसेच द्यायला हवेत.

मालाची निवड करताना आठवडी बाजाराशी झुंजायला जाऊ नये. भाजी, कांदा-बटाटा, सुकी मासळी, स्वस्त कपडा यांत बाजार जिंकतो आणि जिंकू द्यावा. दुकान राहावं ते दोन बाजारांच्या मधल्या सहा दिवसांसाठी. त्यासाठी तीनशे वस्तूंची गरज नाही. पाच-सहा महिन्यांच्या बिलांवरून वस्तू उतरत्या विक्रीने लिहिल्या, तर वरच्या साठ-सत्तर वस्तूंतच बहुतेक गल्ला असतो. खालच्या फळीवरच्या क्रीमच्या बाटल्या आणि चार चवींचे नूडल्स कुणीतरी 'स्कीम'मध्ये घेतलेले असतात. कंपनीचा माणूस बारावर एक फुकट देतो आणि बारा महिने पैसे अडकवून जातो. घाऊक विक्रेत्याशी बोलताना स्कीमपेक्षा दोन गोष्टी लेखी मागाव्यात: मुदत संपायच्या महिनाभर आधी माल बदलून मिळेल, आणि गाडी ठरलेल्या वारी येईल. गाडी दर आठवड्याला येणार असेल, तर फळीवर दहा दिवसांचा माल पुरे.

साठवणीत फार शास्त्र नाही, पण चुका तिथेच होतात. पोती जमिनीवर कधीही नकोत, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. नवा माल मागे, जुना पुढे. कडधान्याला टोका लागला, तांदळात सोंडे झाले, तर ते पोतं त्याच दिवशी बाहेर काढून उन्हात. नाहीतर आठवड्यात शेजारची सगळी जातात. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या माणसांची ये-जा असलेल्या दुकानात किंवा राहत्या घराला लागून वापरायच्याच नाहीत. त्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो. डाळी पावसाळ्याआधी कडकडीत वाळवून झाकणाच्या कोठीत भराव्यात, आणि जूनमध्ये तीन महिन्यांची डाळ भरायचा मोह टाळावा.

मला ज्या बदलातून सर्वांत जास्त आशा वाटते, तो दुकानाच्या बाहेरचा आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून एका साध्या पद्धतीने चालते. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याच्या मालाची मागणी एकत्र देतात, माल एकत्र येतो आणि आपसांत वाटून घेतला जातो. काउंटर नाही, फळी नाही, न खपलेला माल नाही. शहरासाठी निघालेली ही पद्धत खेड्याला कमी नाही, उलट जास्तच बसते, कारण बचत गट आधीच महिन्याला एकदा जमतात. २३ तारखेच्या सुमारास छापील यादी घरोघर द्यायची. वस्तू पन्नास-साठच, प्रत्येकीपुढे मागच्या महिन्याचा भाव आणि या महिन्याचा अंदाज. २६ला याद्या निम्म्या रकमेसह परत. २७ला एकत्र मागणी घाऊक बाजारात. १ किंवा २ तारखेला माल गटाच्या घरी, तिथेच उरलेली रक्कम. शंभर घरांनी सरासरी दीड हजारांची यादी दिली, तर दीड लाखांची विक्री झाली आणि संस्थेचा पैसा त्यात चार-पाच दिवसच गुंतला, तोही निम्माच.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. भाव अंदाजापेक्षा वर गेला आणि लोकांना आधी सांगितलं नाही, तर पुढच्या महिन्यात याद्या निम्म्या येतात. म्हणून अंदाज थोडा चढाच लिहावा आणि फरक परत द्यावा. दुसरं, एखाद्या घराने माल घेतलाच नाही, तर तो गटाने वाटून घ्यायचा हे आधी ठरलेलं असावं, नाहीतर तो दुकानाच्या फळीवर येऊन बसतो. यादीचं काम सुरू झालं की काउंटरवर फक्त रोजच्या आणि अडीअडचणीच्या वस्तू ठेवून भांडवल निम्म्यावर आणता येतं.

दुसरी वाट गावच्या पिकाची. तूर पिकवणाऱ्या गावात तूरडाळ तालुक्याहून विकत यावी, हे मला बघवत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल अशाच कामासाठी आहे. १०० किलो तुरीची साधारण ७० ते ७२ किलो डाळ निघते, बाकी चुनी आणि फोल. हिशेब असा. तूर ७,५०० रुपये क्विंटलने घेतली, साफसफाई, तेल-पाणी देणं, वाळवण, भरडाई आणि वीज मिळून ६०० धरले, चुनीचे ४०० परत आले. ७,७०० रुपयांत ७१ किलो डाळ, म्हणजे किलोला साधारण १०८. ती १२०ने विकली, तरी सुटणारं प्रमाण साखरेच्या जवळजवळ तिप्पट. चुनी दुकानातच पेंडीशेजारी खपते. पण इथेही तोच पहिला प्रश्न. फेब्रुवारीत तूर स्वस्त म्हणून वर्षाची घेतली, तर पुढचा बारावा महिना उजाडेपर्यंत पैसा कोठीत. चार महिन्यांची घ्यावी, पुढची लागेल तशी शेतकऱ्याकडून, त्या दिवसाच्या बाजारभावाने. सुट्या डाळीवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातल्या डाळीला मात्र ५ टक्के लागू आहे. गावात विकायची असेल, तर छापील पिशवीच्या हौसेत पडू नये, पोत्यातून मोजून द्यावी.

मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम. गिरणीला जोडून मिरची कांडप असेल, तर या तीन महिन्यांत वर्षभराच्या विजेचं बिल निघतं. त्याच्या जोडीला एक छोटी गोष्ट चांगली चालते: एक किलो मिरचीला लागणारं मसाल्याचं सामान, धने, जिरे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, मोजून एका पुड्यात. घराघरांचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून दोन पुडे ठेवावेत, तिखट आणि मध्यम, आणि सुटं सामानही मागितलं तर द्यावं. लवंग आणि वेलदोडा कुलपातच. वजनाने हलका, किमतीने भारी माल तुटीच्या यादीत नेहमी वर असतो. गिरणी आणि कांडपावर उधार कुणी मागतही नाही.

खताचा विचार जपून करावा. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीची ५० किलोची १,३५०ला, आणि विक्री आधार लावून पॉस यंत्रावर. कमिशन ठरलेलं. पैसा मे-जूनमध्ये एकदम लागतो. त्यातच लिंकिंगचा जाच: युरिया हवा तर सोबत न खपणारी खतं आणि औषधं घ्या. ती वर्षानुवर्षं गोदामात पडतात. सोसायटीने खत करावंच, पण आगाऊ नोंदणी आणि आगाऊ रक्कम घेऊन, आणि लिंकिंगचा माल घेणार नाही असा ठराव सभेत करून. शेजारच्या पाच सोसायट्यांनी एकत्र मागणी लावली, तर नाही म्हणायला बळ येतं. कीटकनाशकाच्या परवान्याला कृषी शिक्षणाची अट आहे, तसा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. आणि खत, औषध, किराणा एका खोलीत कधीही नको. साबणाचा वास लागलेला चहा कुणी विकत घेत नाही. औषधाचा वास लागलेलं पीठ तर विकायलाच नको.

२०२३च्या सुरुवातीला केंद्राने प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी, म्हणजे गावच्या सोसायट्यांसाठी, नमुना उपविधी (पोटनियम) पाठवले. त्यांत किराणा, गोदाम, रेशन, गॅस, जनऔषधी, सामायिक सेवा केंद्र अशी पंचविसाहून जास्त कामं करायची मोकळीक आहे. संगणकीकरणाची योजनाही सुरू आहे. हे चांगलं आहे. सेवा केंद्रात भांडवल अडकत नाही: दाखले, वीजबिल, विम्याचे अर्ज, आधारवरून पैसे काढणं. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली आजी त्याच दुकानातून चहापत्ती घेऊन जाते. पण आधारवरून द्यायची रोकड गल्ल्यातून वेगळी ठेवावी आणि वेगळी लिहावी. दोन्ही एकत्र झाले की महिन्याच्या मोजणीला अर्थ राहत नाही.

सभासदाला दुकानाशी बांधून ठेवायला रॉचडेलचा दुसरा नियम अजून चालतो. शेअरवरच्या लाभांशाला आपल्या कायद्यात १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो. उरलेल्यातून खरेदीच्या प्रमाणात सूट द्यायची, तशी तरतूद उपविधीत हवी आणि प्रत्येक बिलावर सभासद क्रमांक हवा. वर्षाला २०,००० ची खरेदी करणाऱ्या घराला २ टक्क्यांनी ४०० रुपये येतात. दिवाळीआधी ते माल म्हणून दिले, तर तेल-रव्याची विक्रीही तिथेच होते. थकबाकी असेल, तर आधी ती वळती.

इतकं करूनही एखाद्या गावात काउंटर चालणार नाही. घरं कमी, तालुका तीन किलोमीटरवर, तरुण पुण्या-मुंबईला. अशा वेळी कमिटी वर्षानुवर्षं ढकलत राहते आणि भांडवल संपल्यावरच शटर ओढते. सलग तीन महिने तूट एक टक्क्याच्या वर किंवा पैसा पंचेचाळीस दिवसांत फिरत नसेल, तर त्याच महिन्यात नवा माल थांबवावा. उरलेला माल खरेदी किमतीला गावातच विकून टाकावा, घाऊक विक्रेत्याकडे परत जाणारा परत करावा. मग महिन्याची यादी, गिरणी आणि रेशन एवढंच ठेवायचं. त्याला एक खोली आणि अर्धवेळचं एक माणूस पुरतं. वसुलीची यादी मात्र चालूच ठेवायची, आणि वसूल झालेली रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात, पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत कुणीही हात न लावता.